दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळे

दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळे म्हणजे महाराष्ट्रात दिवाळीनिमित्त मुले अंगणात बांधतात त्या मातीच्या किल्ल्यावर मांडल्या जाणाऱ्या सैनिकांच्या लहान रंगीत आकृती होत. पुणे व आसपासच्या भागात त्यांना ‘चित्रे’ म्हणतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पायदळातील मावळा हा या चित्रांचा मुख्य विषय असतो. त्याच्या जोडीला सिंहासनारूढ महाराज, भालदार, तुतारीवाला, गोलंदाज, घोडेस्वार, पहारेकरी, तसेच गवळण, शेतकरी, वासुदेव व वाघ अशी चित्रेही मांडली जातात. प्रस्तुत लेखात या आकृतींचा पोशाख, शस्त्रे, निशाण व मांडणी १७व्या शतकातील पुराव्यांशी कितपत जुळते याचा, तसेच बीड जिल्ह्यातील किल्ला व रणभूमी यांच्या प्रतिकृतींना ही चित्रे कितपत लागू पडतात याचा विचार केला आहे.

परंपरा व प्रसार

दगड, विटा, पोती व माती रचून किल्ला बांधणे, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवणे आणि वसुबारसेपूर्वी चित्रे मांडणे ही प्रथा प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्र व कोकण येथील आहे. मराठवाड्याच्या अनेक गावांत दिवाळीच्या अंगणाचे वैशिष्ट्य शेणाच्या गवळणी हे आहे. किल्ला तेथे शाळा, गणेश मंडळे व किल्ले-स्पर्धा यांच्याद्वारे पोहोचला. त्यामुळे बीड, अंबाजोगाई, माजलगाव अशा ठिकाणी मांडली जाणारी चित्रे बहुधा बाहेरून आलेली असतात आणि त्यांच्याबरोबर सह्याद्रीतील किल्ल्याची कल्पनाही येते.

मराठवाड्यातील कुंभार पोळ्यासाठी मातीचे बैल घडवतात. त्या बैलाचे वशिंड, शिंगांचा बाक व मानेची पोळी यांत क्वचितच चूक आढळते, कारण नमुना रोज दारात उभा असतो. मावळ्याचा नमुना कोणाच्याही डोळ्यांसमोर नाही. तो दुसऱ्या चित्रावरून घडवला जातो. या आकृतींतील बहुतेक विसंगतींचे मूळ येथे आहे.

घडण आणि तिच्या मर्यादा

पारंपरिक चित्र दोन भागांच्या साच्यात माती दाबून काढले जाते. दोन्ही अर्धे भाग जोडून सांधा पुसतात, आकृती वाळवतात, काही ठिकाणी भाजतात आणि मग रंगवतात. अलीकडे प्लास्टर ऑफ पॅरिसचा वापर वाढला आहे. साच्यातून आकृती अखंड निघावी म्हणून हात अंगालगत आणि पाय एकमेकांना चिकटलेले किंवा पाठीमागच्या ओट्याला टेकलेले ठेवावे लागतात. मातीचा बारीक भाला टिकत नाही. म्हणून मुठीत भोक ठेवून त्यात केरसुणीचा हीर किंवा बांबूची काडी खोचतात. घोड्याचे चार सुटे पाय मातीत उभे करणे कठीण असल्याने घोडेस्वार कमी व महाग असतात.

याचा परिणाम असा की मुलांच्या किल्ल्यावर पायदळच पायदळ दिसते. वस्तुतः मराठ्यांच्या लष्करात घोडदळाचे महत्त्व मोठे होते. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येणारा शिलेदार हे त्याचे दोन वर्ग. सभासद बखरीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. बाजारात मिळणाऱ्या चित्रांत बारगीर व शिलेदार हा भेद नसतो.

साच्यामुळे दुसरी गोष्टही घडते. एका साच्यातून निघालेले शंभर मावळे एकाच वयाचे, एकाच उंचीचे आणि एकाच रंगाच्या कपड्यांतले असतात. पाहणाऱ्या मुलाची समजूत होते की मावळ्यांना गणवेश होता. १७व्या शतकातील मराठा पायदळास गणवेश नव्हता. शिपाई आपल्या ऐपतीचे व आपल्या मुलखाच्या रीतीचे कपडे घालून येत. एकसारखे कपडे आणि कवायत या गोष्टी १८व्या शतकात गारद्यांच्या पलटणींबरोबर व पुढे महादजी शिंदे यांच्या चाकरीतील बेन्वा द बॉयन्य याने उभारलेल्या कंपूंबरोबर मराठी फौजांत रूढ झाल्या.

आजच्या प्रतिमेचा उगम

चित्रांतील मावळा मुख्यतः २०व्या शतकातील चित्रकला, रंगभूमी व चित्रपट यांतून आला आहे. म. वि. धुरंधर यांची शिवचरित्रावरील चित्रे, बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ (१९२३) हा मूकपट, भालजी पेंढारकर यांचे ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) व ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) हे बोलपट, ब. मो. पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपती’ या ग्रंथासाठी दीनानाथ दलाल यांनी काढलेली चित्रे आणि घरोघरी लागणारी दिनदर्शिका यांनी मावळ्याचे रूप ठरवून टाकले. टोकदार, एका अंगाला कललेली पगडी, पांढरा अंगरखा, भगवा किंवा तांबडा शेला, वळलेल्या मिशा, गालांवर कल्ले, कमरेला बाकदार तलवार आणि पाठीवर ढाल असे ते रूप आहे.

या कलावंतांनी आपल्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांचा उपयोग केला होता आणि त्यांचा हेतू वीररसाची निर्मिती हा होता. साचा घडवणाऱ्याने मात्र तेच पुरावा म्हणून स्वीकारले. खुद्द महाराजांच्या चित्राबाबतही असे घडले आहे. निकोलाव मनुची याच्या ग्रंथातील इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र दीर्घकाळ शिवाजी महाराजांचे म्हणून प्रचारात होते. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच ग्रंथकार व्हॅलेंटाइन याच्याशी संबंधित अस्सल चित्र प्रकाशात आणल्यानंतर ती चूक दूर झाली.

पुराव्याची साधने

समकालीन किंवा जवळच्या काळातील चित्रे थोडी आहेत. गोवळकोंड्याकडील दख्खनी शैलीतील महाराजांची लघुचित्रे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील विट्सेन संग्रहात आहेत. मनुचीने मीर महंमद या चित्रकाराकडून काढून घेतलेल्या चित्रांचा संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातील महाराज घोड्यावर असून भोवती सशस्त्र पायदळ चालत आहे. साध्या शिपायाच्या दृष्टीने हे चित्र अधिक मोलाचे आहे, कारण इतर चित्रांत एकटा राजाच आहे.

लेखी साधनांत कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिलेली बखर, कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’, रामचंद्रपंत अमात्याची ‘आज्ञापत्र’ ही राजनीती आणि इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज व डच यांचे पत्रव्यवहार व प्रवासवर्णने ही महत्त्वाची आहेत. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने महाराजांच्या सैनिकांची काटकता, साधे खाणे व जलद चाल यांची नोंद केली आहे. शस्त्रे प्रत्यक्ष पाहावयाची असल्यास पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे ती आहेत. मात्र संग्रहालयातील प्रत्येक हत्यार १७व्या शतकातील नसते. बरीचशी १८व्या व १९व्या शतकांतील संस्थानी शस्त्रागारांतून आलेली आहेत. त्यांवरील नक्षी व सोन्याचे काम साध्या मावळ्याच्या हाती देणे चुकीचे ठरते.

पोशाख

अफजलखानाच्या भेटीच्या प्रसंगी (१० नोव्हेंबर १६५९) महाराजांनी कोणता पोशाख केला याचे वर्णन सभासद करतो. कुडती, डोक्याला मंदील आणि पायांत चोळणा घालून कास कसल्याचा त्यात उल्लेख आहे. राजाचा लढाईचा पोशाख असा आटोपशीर असेल, तर डोंगर चढणाऱ्या शिपायाचा त्याहून साधा असणार हे उघड आहे. मांडीपर्यंतचा किंवा गुडघ्यापर्यंतचा चोळणा, वर कुडती किंवा बंडी, कमरेला घट्ट बांधलेला शेला आणि डोक्याला गुंडाळलेले पागोटे हे रूप पुराव्याच्या अधिक जवळचे आहे. घोट्यापर्यंतची चुणीदार विजार व पायघोळ अंगरखा हा दरबारचा वेश आहे. तो घालून सह्याद्रीचा कडा चढता येत नाही. सोन्याच्या रंगाने रंगवलेले टोकदार चढावही तसेच.

समकालीन दख्खनी चित्रांत महाराजांच्या डोक्यावर तुरा लावलेले, चपट्या बांधणीचे पागोटे दिसते. बाजारातील मावळ्याची साच्यात घडवलेली, कडक व टोकदार पगडी ही उत्तरकालीन पगड्यांची व नाटकातील टोपांची मिश्र आवृत्ती आहे. पागोटे रोज बांधावे लागते, पगडी बांधून ठेवलेली असते. हा फरक लहान आकृतीतही पिळाच्या दोन-चार रेषा ओढून दाखवता येतो आणि काही जुने साचे तो दाखवतातही.

चिलखत फारच थोड्या चित्रांत असते. ते नसणे योग्यच आहे. लोखंडी कड्यांचे चिलखत व बख्तर सरदारांना व निवडक स्वारांनाच परवडत असे. कापूस भरून शिवलेला जाड डगला हे त्यामानाने अधिक प्रचारातील संरक्षण होते.

शस्त्रे

चित्रांतील मावळ्याच्या हातात जवळजवळ नेहमी अर्धचंद्राकृती बाकाची तलवार असते. तलवार हे शस्त्र खरे, पण मराठ्यांची ओळख सांगणारी पाती बरीचशी सरळ होती. युरोपातून आलेल्या सरळ पात्याला फिरंग म्हणत. धोप हीही लांब व सरळ, टोकाशी किंचित बाक असलेली तलवार. कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या मुठीचा पट्टा हे मराठ्यांचे वैशिष्ट्यपूर्ण शस्त्र होय. सभासदाच्या वर्णनात जिवा महालाजवळ पटा, फिरंग व ढाल ही हत्यारे आहेत. प्रतापगडाच्या देखाव्यातील जिवा महालाच्या हाती बाकदार तलवार देणारे साचे म्हणूनच सदोष ठरतात. पट्टा चालवण्याची कला कोल्हापूर परिसरातील मर्दानी खेळांच्या आखाड्यांत आजही पाहता येते. एकदा ती पाहिली म्हणजे आकृतीतील मनगट ताठ का असले पाहिजे हे कळते.

भाला दाखवताना विटा विसरला जातो. विटा म्हणजे शेवटी दोरी बांधलेला भाला. तो फेकून दोरीने परत ओढता येई. काडीच्या भाल्याला शिवणाचा दोरा बांधला की विटा तयार होतो. एवढी सोपी व एवढी अस्सल गोष्ट बाजारच्या चित्रांत सहसा आढळत नाही. गोफण, धनुष्यबाण, कट्यार व बिचवा हीही शस्त्रे वापरात होती. किल्ल्याच्या तटावरून लोटण्यासाठी रचलेले दगडधोंडे हेही शस्त्रच होते.

बंदुकीच्या बाबतीत गोंधळ सर्वांत अधिक आहे. त्या काळची बंदूक तोडेदार होती. पेटती जामगी कानाशी टेकवून बार उडवीत. बंदूकधाऱ्याजवळ दारूचे शिंग, गोळ्यांची पिशवी व जामगीचे वेटोळे असे. कोकणातील हेटकरी हे नेमबाजीबद्दल प्रसिद्ध होते. चित्रांतील बंदूक मात्र पुष्कळदा संगीन लावलेली, कंपनी सरकारच्या शिपायाच्या खांद्यावरची असते, किंवा थेट आधुनिक रायफलीसारखी असते. तोफेचेही तसेच. दोन मोठ्या आऱ्यांच्या चाकांवरची आखूड तोफ ही १९व्या शतकातील इंग्रजी मैदानी तोफ आहे. बुरुजावरील मोठ्या तोफा चौथऱ्यावर, काही ठिकाणी फिरत्या आसावर बसवलेल्या असत. १५४९ साली अहमदनगर येथे ओतलेली व पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून १६३२ मध्ये विजापूरला नेलेली मलिक-ए-मैदान ही तोफ याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

वाघनखे असलेली आकृती अफजलखान-वधाच्या देखाव्यात असते. सभासद वाघनख व बिचवा अशा दोन्ही हत्यारांचा उल्लेख करतो, तर चित्रकार बहुधा एकच दाखवतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील, साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या संग्रहातून आलेली वाघनखे २०२४ साली साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आणली गेली. ती त्या प्रसंगी वापरलेलीच होती असे सिद्ध करणारा पुरावा नसल्याचे त्या लंडनच्या संग्रहालयाने स्पष्ट केले आहे.

सिंहासन, निशाण व गडाची माणसे

सिंहासनारूढ महाराज हे सर्वाधिक विकले जाणारे चित्र आहे आणि ते किल्ल्याच्या माथ्यावर बसवले जाते, मग तो किल्ला सिंहगड असो, पुरंदर असो वा मुरुड-जंजिरा. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. सिंहासन रायगडाचेच. इतर किल्ल्यांवर महाराज दाखवायचे असल्यास सदरेवरील साधी बैठक व लोड पुरतो. जंजिरा तर शिवकाळात मराठ्यांच्या ताब्यात आलाच नाही. सिंहगडाच्या देखाव्यात दोरीला बांधलेली घोरपड हमखास असते. ती कथा शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून आलेली आहे. सभासद तानाजीचे मावळे कडा चढून गेल्याचे सांगतो, घोरपडीचे नाव घेत नाही. पोवाड्याचा देखावा म्हणून घोरपड ठेवण्यास हरकत नाही. फलकावर तसे लिहिलेले असावे एवढेच.

मावळ्यांची गर्दी करताना गडाची खरी माणसे राहून जातात. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे परस्परांवर नजर ठेवणारे अधिकारी असत. गडाच्या घेऱ्यात व पायथ्याच्या मेटांवर रामोशी, महार, मांग, कोळी आदी समाजांतील लोक चौकी-पहारा करीत. गडाच्या रक्षणाची पहिली कडी तीच होती. लेखणी घेतलेला सबनीस, किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा हवालदार आणि मेटावर शेकोटीपाशी बसलेला पहारेकरी यांची चित्रे बाजारात मिळत नाहीत. काही शाळांतील मुले ती स्वतः शाडूची करतात. अशी चित्रे ओबडधोबड असली तरी साच्यातल्या मावळ्यापेक्षा त्यांत इतिहास अधिक असतो.

प्रमाण

सुमारे १० सेंटिमीटर उंचीचे चित्र हे खऱ्या माणसाच्या साधारण १६ पटींनी लहान असते. त्या हिशेबाने समुद्रसपाटीपासून ८२० मीटर उंच असलेला रायगड ५१ मीटर उंच करावा लागेल. म्हणून डोंगराला एक व माणसांना दुसरे प्रमाण वापरणे अपरिहार्य आहे. चुकते ते माणसामाणसांतील प्रमाण. महाराजांचे चित्र मावळ्याच्या दुप्पट, वाघ हत्तीएवढा आणि दरवाजा गुडघ्यापर्यंत अशी मांडणी टाळता येते. दरवाजातून भाला घेतलेला स्वार आत जाऊ शकेल एवढी कमान ठेवली की बाकीचे आपोआप सुधारते.

युरोपातील समांतर उदाहरण

खेळण्यातील सैनिक व इतिहास यांचा हा झगडा युरोपात अधिक जुना आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे कथलाचे चपटे सैनिक ओतले जात. १८९३ साली इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची पद्धत काढली आणि ५४ मिलिमीटर ही उंची संग्राहकांत रूढ झाली. तेथील लोकप्रिय विषय म्हणजे जेरुसलेमसाठी झालेल्या धर्मयुद्धांतील, म्हणजे क्रुसेडमधील, चिलखती सरदार. पहिले धर्मयुद्ध १०९६ ते १०९९ या काळात झाले. त्या वेळचा स्वार कड्यांचे चिलखत आणि नाकावर पट्टी असलेले शंकूच्या आकाराचे शिरस्त्राण घालत असे. खेळण्यातील सरदार मात्र पुष्कळदा १३व्या शतकातील डबाबंद शिरस्त्राण आणि १५व्या शतकातील पत्र्याचे अखंड चिलखत एकत्र घालून उभा असतो. टेंपलर पंथाच्या सरदारांना तांबडा क्रूस ११४७ च्या सुमारास मिळाला, तरी पहिल्या धर्मयुद्धातील आकृतींच्या छातीवर तो रंगवलेला आढळतो.

कारण दोन्हीकडे एकच आहे. चारशे वर्षांतील सर्वांत ठळक वस्तू निवडून त्या एका माणसाच्या अंगावर चढवल्या की खेळणे लगेच ओळखू येते व खपते. युरोपीय संग्राहकांनी यावर एक साधी कसोटी लावली. आकृतीवरील सर्व वस्तू एकाच पिढीतील व एकाच प्रदेशातील असल्या पाहिजेत. रेझिनमध्ये ओतलेल्या मराठा सैनिकांच्या महागड्या आकृती आता महाराष्ट्रातही मिळतात. त्यांना हीच कसोटी लावली, तर नाक-डोळे उत्तम असूनही पेशवाईतील पगडी, शिवकालीन पट्टा आणि कंपनी सरकारची बंदूक एकाच अंगावर असलेले अनेक नमुने बाद होतात.

शत्रुपक्षाचे चित्रण

शत्रूची चित्रे थोडी असतात आणि ती बहुधा एकाच ठशाची असतात. हिरवा झगा, लांब दाढी व भेसूर चेहरा हा तो ठसा. मावळे भगवे आणि शत्रू हिरवे अशी सरळ विभागणी ही या चित्रांतील सर्वांत मोठी ऐतिहासिक चूक आहे. पगडीच्या आकारापेक्षा तिचा परिणाम मुलांच्या मनावर अधिक खोल होतो.

महाराजांच्या आरमारात दर्यासारंग व दौलतखान हे अधिकारी होते. सभासदाने पायदळाचा आरंभीचा सरनोबत म्हणून नूरबेग याचे नाव दिले आहे. प्रतापगडाच्या भेटीवेळी सोबत असलेल्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. उलट बाजूस अफजलखानाच्या सैन्यात मंबाजी भोसले यांच्यासारखे मराठे सरदार होते आणि पुरंदरला वेढा घालणारी मोगल फौज मिर्झाराजे जयसिंग या राजपुताची होती. पुरंदराच्या देखाव्यात हिरवे झगे मांडणाऱ्यास जयसिंगाचे कछवाहे कोठे ठेवावेत हा प्रश्न पडतो आणि बहुधा त्यांना वगळले जाते. गडाखालच्या वेढ्यात मराठा, राजपूत, पठाण, हबशी, दख्खनी व बुंदेला अशी सर्व तऱ्हेची माणसे आपापल्या वेशात दाखवणे हेच पुराव्यास धरून आहे.

बीड जिल्ह्यातील किल्ला व रणभूमी

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. मराठवाड्यातील एकही किल्ला त्यांत नाही. स्पर्धांतून याच बारा किल्ल्यांच्या प्रतिकृतींना मागणी वाढत असल्याने बीड जिल्ह्यातील मुलांना जवळचा धारूर पाहण्याऐवजी दूरचा राजगड पुस्तकावरून करावा लागतो.

धारूरचा किल्ला बालाघाटाच्या डोंगरकडेवर आहे. त्याच्या तीन बाजूंना खोल दऱ्या असून उरलेल्या बाजूस खंदक आहे. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार किश्वरखान लारी याने तो १५६७ साली बांधवून घेतला. लवकरच तो निजामशाहीने जिंकला आणि १६३१ मध्ये शाहजहानचा सेनापती आझमखान याने तो मोगलांकडे घेतला. मोगल काळात त्याचे नाव फतेहाबाद झाले. ‘फतेहाबाद धारूर’ येथील टांकसाळीची मोगल नाणी उपलब्ध आहेत. म्हणजे शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत हा किल्ला मोगलांचा होता. त्याच्या तटावर मावळ्यांचे पहारे व माथ्यावर सिंहासन मांडणे इतिहासास सोडून आहे.

याचा अर्थ धारूरच्या प्रतिकृतीवर मराठा शिपाई नसावा असा नाही. निजामशाहीच्या चाकरीत भोसले, जाधव आदी मराठा घराण्यांची पथके होती. मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने मोगलांविरुद्ध चालवलेल्या गनिमी युद्धाचा कणा मराठा बारगीरच होता. त्यामुळे १७व्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातील धारूर दाखवायचा झाल्यास तटावर दख्खनी व हबशी तोडेदार बंदूकवाले, बुरुजावर तोफ आणि घाटातून निघालेले हलके मराठा स्वार ही मांडणी योग्य ठरते. मातीत घोडे टिकत नसल्याने मुलांनी पोळ्याच्या बैलांच्या साच्यावरून घोडे केल्याची उदाहरणे आहेत. वशिंड खरवडून काढले व मान उंच केली की काम भागते.

जिल्ह्यातील दुसरा विषय गोदावरीकाठच्या राक्षसभुवनचा आहे. येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशवे यांच्या फौजेने निजामाच्या सैन्याचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत मारला गेला. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांनी मिळालेला हा विजय मराठी सत्तेच्या पुनरुत्थानाची खूण मानला जातो. येथे मावळ्याचे चित्र अजिबात चालत नाही. शिवकाळ संपून ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती, युद्ध मैदानातले होते आणि निर्णय घोडदळाने लावला. पगड्यांची घडण बदललेली होती, दोन्ही बाजूंकडे कवायती पायदळाचा अनुभव होता, तोफा चाकांवर आलेल्या होत्या. वर शिवकालीन किल्ल्यासाठी चुकीची ठरवलेली चाकांची तोफ येथे, थोड्या फेरफाराने, बरोबर ठरते.

पक्षांची विभागणीही रंगावर करता येत नाही. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हा ब्राह्मण होता. राघोबादादा या लढाईत शत्रूच्या वेढ्यात सापडले आणि ज्या पुतण्याशी त्यांचे वैर होते त्या माधवरावांनी त्यांना सोडवले. पुढील पिढीतील महादजी शिंदे हे बीड येथील मन्सूरशहा या सूफी सत्पुरुषाचे भक्त होते. शिंद्यांचा देखावा मांडणाऱ्यास त्यांच्या दरबारात फकिराचे चित्रही ठेवता येईल.

राक्षसभुवनचा देखावा किल्ल्याशिवाय करावा लागतो. नदीसाठी आरशाची काच किंवा निळा कागद, अलीकडे पेशव्यांची व पलीकडे निजामाची छावणी, नदी पार करणारी तुकडी आणि हत्तीवर विठ्ठल सुंदर अशी मांडणी करता येते. ऑगस्टचा महिना असल्याने गोदावरी भरलेली दाखवावी. हत्तीचे चित्र बाजारात सहज मिळते. त्यावर अंबारी मात्र स्वतः करावी लागते, कारण विकत मिळणाऱ्या हत्तीची अंबारी मिरवणुकीची असते.